बफर द्रावणाची कसोटी

प्रास्ताविक

पेलाभर स्वच्छ पाण्यात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकले, की त्या पाण्याची चव पालटते. माणसाच्या शरीरात तर दिवसरात्र आम्ल तयार होत असते. अन्नापासून ऊर्जा मिळवताना पेशींमध्ये कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल बनते. धावताना स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचते. असे असूनही निरोगी माणसाच्या रक्ताची आम्लता जवळजवळ जागची हलत नाही. आम्ल किंवा आम्लारी मिसळले तरी आपली आम्लता फारशी बदलू न देणाऱ्या द्रावणांना 'बफर द्रावण' म्हणतात. असे द्रावण प्रयोगशाळेत कसे पारखावे, त्याची शक्ती कुठवर पुरते आणि रक्तातील बफराचे गणित अर्धेच हाती असल्यामुळे १९५२ साली एका शहरातील नामांकित डॉक्टरांची कशी दिशाभूल झाली, हे प्रस्तुत पाठात वाचावयास मिळेल. शास्त्रीय विषय मराठीत मांडताना पारिभाषिक शब्द वाक्यात कसे योजले जातात, इकडेही वाचकाने लक्ष द्यावे.

मूळ पाठ

आम्लतेचे माप

माती परीक्षणाचा अहवाल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना 'सामू' हा शब्द परिचित असतो. इंग्रजीत ज्याला 'पीएच' म्हणतात त्यासाठीच मराठीत हा सुटसुटीत शब्द रूढ झाला आहे. द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत, हे सामू सांगतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी सामू असलेले द्रावण आम्लधर्मी व जास्त असलेले आम्लारीधर्मी मानले जाते. आयन वाढले की सामू उतरतो, ही उलटी चाल प्रथम गोंधळात पाडते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ही मोजपट्टी साधी नाही. सामू एका अंकाने उतरला, तर हायड्रोजन आयनांची संख्या दसपट होते, दोन अंकांनी उतरला तर शंभरपट. म्हणून ७.४ आणि ७.१ यांतील अंतर कागदावर क्षुल्लक दिसले, तरी दुसऱ्या द्रावणात पहिल्याच्या दुप्पट आयन असतात.

ही मोजपट्टी १९०९ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे तयार झाली. तेथील कार्ल्सबर्ग या बिअर बनविणाऱ्या कारखान्याची स्वतःची संशोधनशाळा होती आणि एस. पी. एल. सोरेन्सन हे तिच्या रसायन विभागाचे प्रमुख होते. विकरांचे, म्हणजे सजीवांत रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थांचे, काम द्रावणाच्या आम्लतेवर फार अवलंबून असते असे त्यांना आढळले. आम्लता थोडी ढळली की विकर मंदावते. तेव्हा आम्लता अचूक मोजणे जितके आवश्यक होते, तितकेच ती प्रयोग संपेपर्यंत एका जागी रोखून धरणेही आवश्यक होते. पहिल्या गरजेतून सामू आला. दुसऱ्या गरजेपोटी त्यांनी ठरीव सामूची अनेक मिश्रणे तयार करून ठेवली. अशा मिश्रणांचा गुण त्यापूर्वी, १९०० साली, फ्रान्समध्ये फर्नबाख आणि त्यांचे सहकारी ह्यूबर्ट यांनी नोंदवला होता. त्यांनी त्यासाठी धक्का शोषून घेणाऱ्या वस्तूचा अर्थ सुचविणारा फ्रेंच शब्द वापरला. त्याचेच जर्मन रूप पुढे 'पुफर' आणि इंग्रजी रूप 'बफर' झाले. आगगाडीच्या जुन्या धाटणीच्या डब्यांना दोन्ही टोकांस ज्या वाटोळ्या, दाबल्या जाणाऱ्या तबकड्या असतात, त्यांनाही बफर म्हणतात. डबे एकमेकांवर आदळले तरी आतल्या उतारूला हिसका कमी बसतो, तो त्या तबकड्यांमागच्या स्प्रिंगमुळे. मात्र ती स्प्रिंग काही मर्यादेपर्यंतच दबते.

दोन चंचुपात्रे

बफराची परीक्षा घेण्यासाठी ॲसेटिक आम्ल आणि सोडियम ॲसिटेट ही जोडी सोयीची पडते. ॲसेटिक आम्ल म्हणजे शिरक्याला आंबटपणा देणारे आम्ल, आणि सोडियम ॲसिटेट हा त्याच आम्लाचा क्षार. दोहोंची प्रत्येकी लीटरमागे ०.१ मोल एवढ्या संहतीची द्रावणे करून ती ५०-५० मिलिलीटर एकत्र केली, की १०० मिलिलीटर बफर तयार होते. गणिताने त्याचा सामू ४.७६ येतो. मापकावर तो किंचित कमी, ४.७ च्या जवळपास, दिसतो. द्रावणातील आयन एकमेकांना ओढून धरतात व त्यामुळे हा फरक पडतो. प्रयोगात काही चुकले असा त्याचा अर्थ नव्हे.

आता तुलनेसाठी दुसरे पात्र हवे. सर्वसाधारणपणे त्यात ऊर्ध्वपातित पाणी घेतात आणि ते ठीकही आहे. पण खरी कसोटी पाहायची असेल, तर दुसऱ्या पात्रात बफराइतकाच सामू असलेले, परंतु बफर नसलेले द्रावण घ्यावे. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात खूप पातळ करत नेले, की एका टप्प्यावर त्याचाही सामू ४.७६ होतो. दोन्ही पात्रे शेजारी ठेवली, तर डोळ्यांना ती सारखीच दिसतात आणि सामूमापकही दोन्हींत एकच आकडा दाखवतो. त्यांतला भेद उघड होण्यासाठी त्यांच्यावर काहीतरी आघात करावा लागतो.

मापक वापरण्यापूर्वी तो जुळवून घ्यावा लागतो. त्यासाठी साधारणतः ४ आणि ७ सामूची प्रमाण द्रावणे वापरतात. बाजारात त्यांच्या गोळ्या मिळतात आणि एक गोळी ठरीव पाण्यात विरघळवली की द्रावण तयार होते. गंमत अशी, की ही प्रमाण द्रावणे स्वतःच बफर असतात. साध्या पाण्यावर मापक जुळवता येत नाही. उघड्यावर ठेवलेले ऊर्ध्वपातित पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्याचा सामू ५.६ च्या आसपास उतरतो. हा आकडाही एका जागी ठरत नाही. ज्या नवशिक्या विद्यार्थ्याला शुद्ध पाण्यात ७ हा आकडा दिसत नाही, त्याने उपकरणाला दोष देण्याआधी ही गोष्ट ध्यानी घ्यावी.

ब्यूरेटमध्ये लीटरमागे ०.१ मोल संहतीचे हायड्रोक्लोरिक आम्ल भरून दोन्ही पात्रांत एकेक मिलिलीटर सोडले, काचकांडीने ढवळले आणि आकडा स्थिरावू दिला, तर पुढील फरक दिसतो. बफर नसलेल्या द्रावणाचा सामू ४.७६ वरून थेट ३ पर्यंत कोसळतो. म्हणजे हायड्रोजन आयन पन्नास पटींहून अधिक वाढले. बफराचा सामू ४.७४ होतो. साध्या मापकाला हा बदल जेमतेम टिपता येतो. आम्लाऐवजी तितकेच सोडियम हायड्रॉक्साइड दोन नव्या पात्रांत सोडले, तर पहिले द्रावण ११ पर्यंत उसळी घेते आणि बफर ४.७८ वर थांबते.

हे कसे घडते? ॲसेटिक आम्ल दुर्बल असते. त्याच्या शंभर रेणूंपैकी एखादाच रेणू पाण्यात आपला हायड्रोजन आयन सोडतो, बाकीचे तो धरून ठेवतात. क्षारातून आलेले ॲसिटेट आयन मात्र हायड्रोजन आयन स्वीकारण्यास तयार असतात. बाहेरून हायड्रोजन आयन आले, की ॲसिटेट त्यांना पकडते आणि त्यांचे ॲसेटिक आम्ल होते. सोडियम हायड्रॉक्साइडचे हायड्रॉक्साइड आयन आले, तर ॲसेटिक आम्ल आपला हायड्रोजन देऊन त्यांचे पाणी करते आणि स्वतः ॲसिटेट बनते. घराच्या दोन दारांशी दोन पहारेकरी असावेत, तशी ही योजना आहे. आलेला आम्लाचा वाटा नाहीसा झालेला नसतो. तो दुर्बल आम्लाच्या रूपात द्रावणातच दडलेला असतो.

सामू कोणत्या अंकावर राहील, हे या दोहोंच्या गुणोत्तरावर ठरते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात लॉरेन्स जोसेफ हेंडरसन यांनी १९०८ साली रक्ताचा अभ्यास करताना हे नाते मांडले. पुढे १९१६ च्या सुमारास कोपनहेगनच्याच कार्ल ॲल्बर्ट हॅसलबाल्क यांनी ते सामूच्या भाषेत लिहिले. शब्दांत सांगायचे तर असे: प्रत्येक दुर्बल आम्लाचा एक ठरीव अंक असतो. त्यात, क्षाराच्या संहतीला आम्लाच्या संहतीने भागून येणाऱ्या गुणोत्तराचा लॉगरिदम मिळवला, की सामू मिळतो. ॲसेटिक आम्लाचा ठरीव अंक ४.७६ आहे. क्षार व आम्ल समसमान असतील, तर गुणोत्तर १ येते, त्याचा लॉगरिदम शून्य, म्हणून सामूही ४.७६. वरील प्रयोगात दोन्ही घटक ५-५ मिलिमोल होते. त्यांत ०.१ मिलिमोल आम्ल पडल्यावर क्षार ४.९ आणि आम्ल ५.१ मिलिमोल झाले. गुणोत्तर जेमतेम ढळले, म्हणून सामूही जेमतेम ढळला.

मोडेपर्यंत मोजणे

एक मिलिलीटर आम्लावर प्रयोग थांबवला, तर बफर अभेद्य आहे असा समज होतो. पुष्कळ वह्यांत प्रयोग येथेच संपलेला दिसतो, ही खेदाची गोष्ट आहे. कारण शिकण्यासारखा भाग यापुढेच आहे. ब्यूरेटमधून आम्ल सोडत राहावे व दर दहा मिलिलीटरला सामू लिहावा. गणितानुसार १० मिलिलीटरला सामू ४.५८ होतो, २० ला ४.३९, ३० ला ४.१६. उतार अजून सौम्यच आहे. ४० मिलिलीटरला ३.८१ येतो आणि ५० ला २.९७. पहिल्या दहा मिलिलीटरनी सामू ०.१८ ने उतरवला होता. शेवटच्या दहांनी तो ०.८४ ने उतरवला. पन्नासाव्या मिलिलीटरला सगळे ॲसिटेट खर्ची पडलेले असते. त्यापुढे टाकलेल्या आम्लाला अडवणारे कोणी उरत नाही आणि ६० मिलिलीटरला सामू २.२ पर्यंत घसरतो. हे आकडे आलेखावर मांडले, तर रेषा प्रथम पठारासारखी जाते आणि मग कड्यासारखी खाली येते.

याला जोडूनच आणखी एक परीक्षा करून पाहावी. तेच बफर दहापट पाणी घालून पातळ करावे. आम्ल व क्षार दोन्ही सारखेच विरळ झाल्याने गुणोत्तर तेच राहते आणि सामूही जवळपास तोच येतो. पण या पातळ बफराच्या १०० मिलिलीटरमध्ये प्रत्येक घटक केवळ अर्धा मिलिमोल असतो. आता एकच मिलिलीटर आम्ल सामूला ४.५८ वर आणते आणि पाच मिलिलीटरमध्ये सारी शिल्लक संपते. सामू सारखा असला तरी धारकता दहाव्या हिश्श्यावर आलेली असते. बफराने किती आम्ल वा आम्लारी झेलले म्हणजे त्याचा सामू अमुक इतका बदलेल, या मोजमापाला बफराची धारकता म्हणतात. सामूचा आकडा द्रावणाची आजची स्थिती सांगतो. ते उद्या किती सोसेल, याबद्दल तो आकडा काहीच बोलत नाही.

पाठगत प्रश्न

(अ) ४.७६ सामूचे दोन द्रावण समोर ठेवले असता त्यांपैकी बफर कोणते, हे केवळ सामू मोजून का ओळखता येत नाही?
(आ) बफर दहापट पातळ केल्यावर काय बदलते आणि काय बदलत नाही?

मूळ पाठ (पुढे चालू)

प्रयोगशाळा जवळ नसेल तेव्हा

मुक्त विद्यालयाच्या सर्वच विद्यार्थ्यांना सामूमापक उपलब्ध होतो असे नाही. अशा वेळी जास्वंदीची फुले कामी येतात. लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात काही वेळ ठेवल्या, की रंगीत अर्क मिळतो. हा अर्क आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो. काचेच्या एका पेल्यात साधे पाणी व दुसऱ्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा विरघळवलेले पाणी घेऊन दोन्हींत सारखाच अर्क घालावा. सोड्याच्या पेल्यात हिरवट छटा दिसेल. आता दोन्ही पेल्यांत लिंबाचा रस थेंबाथेंबाने टाकावा आणि थेंब मोजावेत. साधे पाणी थोड्याच थेंबांत गुलाबी होते. सोड्याचे पाणी फसफसत राहते, बराच रस पचवते आणि मग रंग सोडते.

येथे एक अडचण येऊ शकते. साध्या पाण्यालाही रंग बदलण्यास अपेक्षेपेक्षा जास्त थेंब लागतात, विशेषतः ते विहिरीचे किंवा कूपनलिकेचे असेल तर. खडकांतून झिरपलेल्या पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते, म्हणून ते स्वतःच एक सौम्य बफर असते. पावसाचे स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी वापरले, तर फरक अधिक ठळक उमटतो. विहिरीचे, नळाचे आणि पावसाचे पाणी घेऊन थेंबांची संख्या ताडून पाहणे, हा स्वतंत्र प्रयोग म्हणूनही उत्तम आहे.

सोड्याच्या पेल्यातील फसफस पुढच्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लिंबाचे आम्ल बायकार्बोनेटला भेटते, कार्बोनिक आम्ल तयार होते, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू होऊन हवेत निघून जातो. ॲसिटेटच्या बफरात आम्लाचा वाटा पात्रातच साठून राहत होता. येथे तो बाहेर पडतो.

रक्ताचा बफर

माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ यांदरम्यान असतो. हिमोग्लोबिन, इतर प्रथिने आणि फॉस्फेट हे सारेच त्याला सावरतात. तथापि सर्वांत कळीची जोडी कार्बोनिक आम्ल व बायकार्बोनेट यांची आहे. या जोडीचा ठरीव अंक ६.१ आहे. रक्तात लीटरमागे सुमारे २४ मिलिमोल बायकार्बोनेट आणि सुमारे १.२ मिलिमोल विरघळलेला कार्बन डायऑक्साइड असतो. गुणोत्तर वीसास एक. वीसचा लॉगरिदम १.३, आणि ६.१ मध्ये तो मिळवला की ७.४ येतात.

चंचुपात्रातील नियमाने पाहिले, तर ही जोडी दुबळी ठरायला हवी. ज्या बफरात आम्ल आणि क्षार समसमान असतात, तो सर्वांत समर्थ असतो. वीसास एक हे प्रमाण त्यापासून फार दूर आहे. तरीही शरीराचे काम भागते, कारण शरीर हे झाकण लावलेले पात्र नव्हे. आम्लाचा घटक वायुरूपाने फुप्फुसांतून सतत बाहेर टाकला जातो. श्वास जलद केला की तो अधिक जातो, मंद केला की साठतो. दुसऱ्या बाजूला मूत्रपिंडे बायकार्बोनेटची शिल्लक भरून काढतात. फुप्फुसांचा परिणाम काही मिनिटांत दिसतो. मूत्रपिंडांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतात. प्रयोगशाळेतील बफर आपली पुंजी खर्चून मोडतो. रक्ताच्या बफरात खर्च आणि भरणा दोन्ही चालू असतात, आणि त्यांपैकी एक थांबला तर काय होते, हे कोपनहेगनच्या हकिकतीवरून कळते.

कोपनहेगन, १९५२

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत कोपनहेगनवर पोलिओची भीषण साथ कोसळली. पोलिओची लस वापरात येण्यास अद्याप काही वर्षे होती. भारतीय वाचकाला या रोगाची ओळख पायांना येणाऱ्या पांगळेपणामुळे असते. २०१४ साली भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले, तोवर तशी मुले गावोगाव दिसत. पण या साथीत अनेकांच्या श्वसनाचे स्नायूच लुळे पडले आणि गिळण्याची शक्ती गेली. ब्लेगडॅम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात रुग्णांची रीघ लागली. छाती बाहेरून हलवून श्वास चालवणारी यंत्रे तेथे मोजकीच होती: एक लोहफुप्फुस आणि छातीभोवती बसवायची सहा कवचे. आरंभीच्या काही आठवड्यांत या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

मरणाऱ्या रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली होती. त्या काळी प्रचलित असलेली परीक्षा रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड मोजत असे, म्हणजे बायकार्बोनेट आणि विरघळलेला वायू या दोहोंची बेरीज. ती बेरीज या रुग्णांत नेहमीपेक्षा बरीच जास्त आढळली. बेरजेत मोठा वाटा बायकार्बोनेटचा, आणि बायकार्बोनेट आम्लारीधर्मी. यावरून रुग्णांचे रक्त गूढ कारणाने आम्लारीधर्मी झाले आहे, असा निष्कर्ष काढण्यात आला.

प्रमुख वैद्य लासेन यांनी ऑगस्टच्या अखेरीस ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला सल्ल्यासाठी बोलावले. इब्सेन यांनी अमेरिकेत बॉस्टन येथे शिक्षण घेतले होते आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर बेशुद्ध रुग्णाचा श्वास हाताने चालवण्याचा त्यांना रोजचा सराव होता. त्यांनी याच आकड्यांचा वेगळा अर्थ लावला. रुग्णांचा श्वास अपुरा पडत आहे, कार्बन डायऑक्साइड आतच साचतो आहे, आणि त्यामुळे रक्त आम्लारीधर्मी नव्हे तर आम्लधर्मी झाले आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही मते एकाच बेरजेवर आधारलेली कशी असू शकतात, हे आकड्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे. समजा, लीटरमागे एकूण ३९.६ मिलिमोल आढळले. निरोगी माणसात ही बेरीज सुमारे २५ असते. आता त्यांपैकी ३८.१ बायकार्बोनेट आणि १.५ विरघळलेला वायू असेल, तर गुणोत्तर पंचवीसहून थोडे अधिक येते आणि सामू ७.५. रक्त खरोखरच आम्लारीधर्मी. पण तीच बेरीज ३६ आणि ३.६ अशी विभागलेली असेल, तर गुणोत्तर दहा येते आणि सामू ७.१. रक्त घातक म्हणावे इतके आम्लधर्मी. दुसऱ्या रुग्णाच्या शरीरात वायू साचलेला आहे, आणि त्याला तोंड देण्यासाठी बायकार्बोनेटही वाढलेले आहे. बेरीज पाहणाऱ्याला ही वाढ तेवढी दिसते. सामू ठरतो गुणोत्तराने, आणि गुणोत्तर बेरजेतून कधीही काढता येत नाही. त्यासाठी तिसरी राशी, म्हणजे खुद्द सामू, मोजावा लागतो.

सत्तावीस ऑगस्टला इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीवर उपचार केला. तिच्या गळ्याखाली श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरण्यास सुरुवात झाली. प्रारंभी ती मुलगी धडपडू लागली, तेव्हा तिला गुंगीचे औषध द्यावे लागले. त्यानंतर श्वास नीट चालू लागला, साचलेला वायू उतरला आणि तिची प्रकृती सुधारू लागली. जमलेल्या डॉक्टरांसमोर पिशवी दाबणे थांबवताच घाम, चढता रक्तदाब ही लक्षणे परतली. पुन्हा दाबू लागताच ती ओसरली. एका अर्थी ही बफराचीच कसोटी होती. आम्लाचा निचरा बंद केला तर काय होते आणि चालू केला तर काय होते, हे रुग्णाच्या खाटेशी दिसले.

त्याच रुग्णालयाच्या प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रूप यांनी सामूमापकाच्या साह्याने रुग्णांच्या रक्ताचा सामू प्रत्यक्ष मोजला. तो कमी निघाला. इब्सेन यांचा तर्क खरा ठरला. ज्या शहरात सोरेन्सन यांनी सामूची मोजपट्टी घडवली आणि हॅसलबाल्क यांनी रक्ताचे समीकरण लिहिले, त्याच शहरात ते समीकरण रुग्णाच्या उशाशी येण्यास छत्तीस वर्षे लागली, ही विलक्षण गोष्ट म्हटली पाहिजे. ज्ञान उपलब्ध होते, मोजण्याची सवय नव्हती.

यंत्रे नसल्यामुळे पिशव्या हातांनीच दाबाव्या लागणार होत्या. सुमारे दीड हजार विद्यार्थी, बहुतांशी वैद्यकाचे, पाळ्या लावून या कामास लागले. ऐन साथीत एका वेळी सत्तरपर्यंत रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालू होता, दिवस आणि रात्र. पिशवी किती वेगाने व किती दाबायची, याचा अंदाज रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीवरून घेतला जाई. साथीच्या पुढील महिन्यांत मृत्यूचे प्रमाण सुरुवातीच्या निम्म्याहूनही खाली आले. अशा रुग्णांना एकत्र ठेवून चोवीस तास त्यांच्यावर नजर ठेवणारा कक्ष त्यानंतर कोपनहेगनमध्ये उभा राहिला, आणि आजच्या अतिदक्षता विभागाचा तो प्रारंभ मानला जातो. ॲस्ट्रूप यांनी रक्ताचा सामू व कार्बन डायऑक्साइड सहज मोजता यावा यासाठी पुढेही काम केले. आता अतिदक्षता विभागात धमनीतील रक्ताचा थेंबभर नमुना यंत्रात घालताच काही मिनिटांत सामू, वायूचा दाब आणि बायकार्बोनेट हे तिन्ही आकडे छापून येतात. ते यंत्र अचूक चालते आहे की नाही, हे मात्र आजही ठरीव सामूच्या बफर द्रावणांनीच ताडून पाहिले जाते.

स्वाध्याय

१. बफर पारखताना शेजारी त्याच सामूचे साधे द्रावण ठेवण्याचा हेतू तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. १०० मिलिलीटर बफरात ॲसेटिक आम्ल ५ मिलिमोल व सोडियम ॲसिटेट ५ मिलिमोल आहे. त्यात २५ मिलिलीटर आम्ल (लीटरमागे ०.१ मोल संहतीचे) सोडल्यावर प्रत्येक घटक किती उरेल? ३ चा लॉगरिदम ०.४८ धरून सामू काढा.

३. एका रुग्णाच्या रक्तात लीटरमागे बायकार्बोनेट १२ मिलिमोल व विरघळलेला वायू १.२ मिलिमोल आहे. पाठात दिलेल्या ३६ व ३.६ या उदाहरणाशी त्याची तुलना करा. दोघांचा सामू सारखा येऊनही त्यांच्या आजाराचे कारण वेगळे का असावे?

४. 'ज्ञान उपलब्ध होते, मोजण्याची सवय नव्हती' या वाक्याला पाठातील कोणती घटना आधार देते, ते पाच-सहा ओळींत लिहा.

५. तुमच्या परिसरातील दोन ठिकाणचे पाणी घेऊन जास्वंदीचा प्रयोग करा व थेंबांच्या नोंदीवरून एक परिच्छेद लिहा.

६. आम्ल, आम्लारी, क्षार, संहती, धारकता हे शब्द वापरून प्रत्येकी एक वाक्य तयार करा. 'धारकता' हा शब्द रसायनशास्त्राबाहेरच्या अर्थानेही योजून पाहा.